युरिक ॲसिड आणि तीन नंबरची गाडी

४ मे, सोमवार. सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी. निमित्त उजव्या पायाचा अंगठा. शनिवारी पहाटे तो असा काही सुजला की अंगावरची चादरसुद्धा त्याला सहन होईना. ही म्हणाली, अहो, डॉक्टरांकडे चला. मी म्हटलं, ब्रेक दाबून दाबून लचकलाय, दुसरं काही नाही. तेवीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतोय. शिकणारा उजवीकडे, मी डावीकडे, आणि माझ्या पायाखाली माझा वेगळा ब्रेक. या अंगठ्याने किती जीव वाचवलेत त्याची मोजदाद नाही. थकणारच तो.

तरी गेलो. डॉक्टरीणबाईंनी रक्त काढलं. युरिक ॲसिड ८.४. सहाच्या खाली हवं. ते जास्त झालं की त्याचे बारीक सुईसारखे कण सांध्यात जाऊन बसतात म्हणे. मी विचारलं, एवढं मोठं शरीर सोडून माझ्या ब्रेकच्या अंगठ्यातच का? त्या म्हणाल्या, बहुतेकांना अंगठ्यातच होतं. बहुतेकांच्या पायाखाली ब्रेक नसतो, हे त्यांना कोण सांगणार.

रोज काय खाल्लं, किती पाणी प्यायलो, ते लिहायला त्यांनी एक वही दिलीय. ती वही वेगळी, ही वेगळी. त्या वहीत त्यांना वाचायला बरं वाटेल ते. इथे खरं.

५ मे, मंगळवार. दुपारी २

मालकांनी मला लंगडताना पाहिलं. आत बोलावून म्हणाले, ब्रेकवर पाय चालत नसेल तर तुम्हाला गाडीत बसवता येणार नाही, शिकणाऱ्यांच्या जिवाचा प्रश्न आहे. तीस तारखेपर्यंत डॉक्टरांचा कागद आणा. नाहीतर तुमची तीन नंबरची गाडी मॅडमकडे जाईल आणि तुम्ही ऑफिसात बसून रस्त्यावरच्या पाट्या शिकवा.

तीन नंबर मॅडमकडे! मॅडम दोन नंबरची गाडी चालवतात. सहा वर्षांचा अनुभव. त्यांच्या ब्रेकच्या पेडलचं रबर अजून कारखान्यातून आल्यासारखं आहे, यावरून त्या किती काम करतात ते कळतं. माझं रबर मालकांनी तीनदा बदललंय.

डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या की आकडा सहाच्या आसपास आला आणि पुन्हा सूज आली नाही, तर कागद देईन. त्यात काय अवघड आहे? संकल्प केला. मटण बंद. कलेजी, कोळंबी, बिअर बंद. रोज बारा ग्लास पाणी, कारण जास्तीचं ॲसिड लघवीवाटे जातं. मला हे मनापासून पटलं.

डॉक्टरांची वही: पाणी १२ ग्लास.

खरं: दीड.

पाण्याचा उपदेश करणाऱ्यांनी एकदा ड्रायव्हिंग शिकवून बघावं. सात ते एक, सहा लेसन, मध्ये श्वास घ्यायला फुरसत नाही. पोटात चार ग्लास घेऊन भर चौकात शिकाऊ माणसाशेजारी अडकलो तर काय प्रसंग ओढवेल, ते डॉक्टरांच्या पुस्तकात नसतं. मी सकाळी एक घोट घेतो तो घेतो, मग थेट दुपारी एकला. तेवीस वर्षांत एकदाही गाडी मध्ये थांबवलेली नाही. याला शिस्त म्हणतात.

७ मे, गुरुवार. सकाळी ६.४०

सूज उतरली. पाय बुटात गेला. म्हणजे जवळजवळ जिंकलोच.

६.४५. ही दोन दिवस झाले साडेसहाला फिरायला जायला लागलीय. नवे कॅनव्हासचे बूट आणलेत, अगदी पातळ तळव्याचे. फिरायला जाड तळवा लागतो, पण बायकांना बुटातलं काय कळतं. असो. माझ्या संयमी आयुष्याचा घरावर परिणाम होतोय, हे बघून बरं वाटलं.

६.५०. बिअरला पर्याय शोधला. डब्यातला फळांचा रस. गार, गोड, औषधी. रोज तीन डबे. गाडीत नाही अर्थात, घरी आल्यावर.

९ मे, शनिवार. दुपारी ४

मेव्हण्याला बढती मिळाली. त्याच्याकडे जेवण होतं. जायचं नाही असं ठरवून गेलो.

कलेजी होती. ती मी घेतली नाही, वहिनींनी ताटात वाढली. वाढलेलं टाकायची आपल्याकडे पद्धत नाही. दुसऱ्यांदाही त्यांनीच वाढली. बिअर मेव्हण्याने ओतली, आणि बढती काही माणसाला रोज मिळत नाही. ही समोरून बघत होती.  म्हणून मी तिच्याकडे पाठ करून बसलो.

बिअर म्हणजे तरी काय, नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच.

डॉक्टरांची वही: पाणी १२ ग्लास, पैकी चार मेव्हण्याकडे.

१० मे, रविवार. सकाळी ७.३०

अंगठ्यात बारीक ठणका. मोज्याचं इलॅस्टिक घट्ट आहे. मोजे बदलले.

९.००. ठणका तसाच. दुसरे मोजे.

९.२०. बिनमोज्याचा बसलो. उठलो. पुन्हा बसलो. ही म्हणाली, अहो, जरा एका जागी बसा आणि पाणी प्या. रविवारी तरी सात ते एक मोकळेच आहात ना? मुद्दा बरोबर होता, म्हणून मी विषय बदलला.

१२ मे, मंगळवार. संध्याकाळी ६

डॉक्टरीणबाईंकडे. आज मोठा विजय. त्या म्हणाल्या, ब्लडप्रेशरसाठी तुम्ही जी लघवीची गोळी घेताय, तिनेही युरिक ॲसिड वाढतं. त्यांनी ती बदलून दिली. म्हणजे दोष गोळीचा होता! शिवाय विचारलं, घरात आणखी कुणाला? मी म्हटलं, वडिलांना, हाच अंगठा. त्या म्हणाल्या, आनुवंशिकही असतं. म्हणजे थोडा दोष वडिलांचा. वजनाचंही काहीतरी म्हणाल्या, ते त्या सगळ्यांनाच म्हणत असणार. बेरीज केली तर माझ्या वाट्याला फार काही उरत नाही.

रसाचं कळल्यावर मात्र त्यांनी पेन खाली ठेवलं. डब्यातल्या गोड रसाने ॲसिड वाढतं म्हणाल्या, बिअर सोडून तुम्ही तिच्या भावाला घरात घेतलंत. मग रोज घ्यायची एक नवी गोळी दिली. बजावून सांगितलं की सुरुवातीला एखादवेळ अंगठा पुन्हा चिडेल, पण गोळी सोडायची नाही, मला फोन करायचा.

घरी येताना कलेजी आणली. थोडीशी. दोषमुक्त झाल्याबद्दल.

१३ मे, बुधवार. दुपारी २.३०

जेवताना ही मध्येच विचारते, अहो, चढावर गाडी थांबली तर आधी हाफ क्लच की आधी हँडब्रेक सोडायचा? मी चाट पडलो. माणूस तेवीस वर्षं निष्ठेने काम करतो तेव्हा त्याचं ज्ञान भिंतींत मुरतं. मी अर्धा तास समजावलं. ती ऐकत होती, मान हलवत होती. शेवटी म्हणाली, मॅडमपण असंच सांगतात. मी विचारलं, कोण मॅडम? तर म्हणाली, फिरायला असतात एक.

तिला आता या वयात काय उपयोग. एकोणीस वर्षांपूर्वी मी स्वतः तिला शिकवायला घेतलं होतं. तीन दिवस टिकली. तिसऱ्या दिवशी एका छोट्या गल्लीत मला अकरा वेळा ब्रेक दाबावा लागला. अकराव्या वेळी तिने गाडी बंद केली, दार उघडलं आणि घरापर्यंत चालत गेली. काही माणसांत ती धमकच नसते. हे मी आजवर सगळ्यांना हसत हसत सांगत आलोय. तीही हसायची. गेली काही वर्षं हसत नाही, एवढंच.

१४ मे, गुरुवार. दुपारी १.४०

सकाळी अंगठा लाल. नव्या गोळीचाच प्रताप. गोळी बंद केली. त्या म्हणाल्या होत्या बंद करू नका, फोन करा. पण अंगठा त्यांचा नाही.

मालकांना कळू नये म्हणून सरळ चालत गाडीपर्यंत गेलो. डोळ्यांत पाणी आलं, ते उन्हाचं म्हणून खपवलं.

दुसरा लेसन शिंपीकाकांचा. वय अठ्ठावन्न, आयुष्यभर शिलाई मशीनवर बसलेला माणूस, ॲक्सिलरेटरवर पाय पडला की टीप मारल्यासारखा दाबतच सुटतो. गेल्या तीन आठवड्यांत त्यांच्या एका लेसनला मी सरासरी तीस वेळा ब्रेक दाबलाय. आज वळणावर समोर कचऱ्याचा डबा. मी पाय उचलला. पाय पेडलवर टेकला आणि अंगठ्यापासून मांडीपर्यंत अशी कळ गेली की दाबणं सोडा, मला ओरडताही आलं नाही.

गाडी थांबली. डब्यापासून वीतभर अंतरावर. शिंपीकाकांनी स्वतः थांबवली होती. त्यांचा चेहरा पांढरा, माझाही. ते म्हणाले, सर, तुम्ही दाबला नाहीत? मी म्हटलं, मुद्दाम. बघत होतो.

  आज तो डबा होता. डब्याजागी माणूस असता तर, हा विचार मी सकाळपासून करत नाहीये.

१८ मे, सोमवार. दुपारी २

सूज कमी, पण पेडलवर जोर लागत नाही. म्हणून नवी पद्धत काढलीय. शिकणाऱ्याला आधीच सांगायचं की मी ब्रेक दाबणार नाही, तुझा तू बघ. मग ते आपसूक हळू जातात. मी फक्त हँडब्रेकवर हात ठेवून गप्प बसतो. याला मी मौन पद्धत म्हणतो. भीतीने माझा शर्ट पाठीला चिकटतो, पण पद्धत उत्तम आहे.

पाणी: एक ग्लास. डॉक्टरांची वही: १२. लिहून लिहून त्या वहीतला माणूस मला आवडायला लागलाय.

२० मे, बुधवार. संध्याकाळी ५

ही चहाचा ट्रे घेऊन आली. दोन्ही हातांनी धरलेला, घड्याळाचे काटे दहा आणि दोनवर असतात तसे. दारातून वळताना आधी उजवीकडच्या भिंतीवरच्या आरशात बघितलं, मग डावीकडे मान वळवून मागे. तिचीही मान धरली असावी. तिला म्हटलं, तुझंही युरिक ॲसिड तपासून घे.

२३ मे, शनिवार. दुपारी ३

ऐतिहासिक दिवस! लायसन्सच्या परीक्षेला माझे पाच जण बसले, पाचही पहिल्या फटक्यात पास. शिंपीकाकासुद्धा! तेवीस वर्षांत माझे पाचपैकी दोन, फार तर तीन. मालकांनी निकाल दोनदा वाचला. विचारलं, या महिन्यात तुम्ही वेगळं काय केलंत? मी मौन पद्धत सविस्तर समजावली. ते ऐकून घेऊन म्हणाले, म्हणजे तुम्ही ब्रेक दाबला नाहीत.

मी म्हटलं, ते एक, पण मुख्य म्हणजे पद्धत.

मॅडम टेबलापाशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, सर, मी पहिल्या दिवसापासून हेच करते, त्यांनी आपापलं थांबायला शिकलं पाहिजे ना. मग जिभेवर काहीतरी आल्यासारख्या हसल्या आणि रजिस्टर मिटून घेतलं. घाईघाईने. त्यांच्या रजिस्टरमध्ये लपवण्यासारखं काय असणार?

३.३०. माझ्या तेवीस वर्षांच्या ब्रेकबद्दल मनात एक प्रश्न येतोय. येऊ देत नाहीये.

२४ मे, रविवार. सकाळी ८

मंगळवारी रक्त द्यायचं. आकडा सहाच्या खाली आणायला दोन दिवस. सोपं आहे. ॲसिड अन्नातून येतं, तर अन्नच बंद. आजपासून मंगळवार सकाळपर्यंत कडकडीत उपाशी. पाणी दोन-चार घोट.

११.००. ही म्हणाली, असं उपाशी राहून उलटं होईल, डॉक्टरांना विचारा तरी. मी म्हटलं, तुला यातलं काय कळतं? ती टॉवेलची घडी घालत होती. ती घडी तिने पुन्हा मोडली आणि पुन्हा घातली.

२.००. भूक.

२.१०. फ्रिज उघडला. बंद केला.

२.१५. फ्रिज.

२५ मे, सोमवार. दुपारी १.४५

दोन किलो कमी झालो. कसला माणूस आहे मी! चक्कर येते, पण ती प्रगतीची.

२६ मे, मंगळवार. सकाळी ९

रक्त दिलं. लघवीही तपासायला घेतली. तिचा रंग बघून तिथल्या बाईने माझ्याकडे बघितलं. कागद मिळाल्यावर मालकांशी काय बोलायचं, त्याचा आरशासमोर सराव केला.

२७ मे, बुधवार. संध्याकाळी ५.३०

९.६.

सुरुवातीला ८.४ होतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं अन्नपाणी तोडलं की शरीर स्वतःचंच मोडून खातं, त्यातूनही युरिक ॲसिड तयार होतं. शिवाय अशा वेळी लघवीवाटे ते नीट बाहेर पडत नाही. मग माझी वही उघडली. पानं उलटत म्हणाल्या, वहीतला माणूस रोज बारा ग्लास पाणी पितो. लघवीचा रिपोर्ट म्हणतो की हा माणूस तहानलेला आहे. यातला खरा कोण? मी खिडकीबाहेर बघितलं. तिथे काही नव्हतं, एक भिंत होती.

कागद दिला नाही. मालकांना मी स्वतः फोन केला. ते रागावले नाहीत, हे जास्त वाईट. म्हणाले, तीन महिने ऑफिसात बसा, बरे व्हा, तीन नंबर कुठे पळून जात नाही. मला रडू आलं. इथे लिहितो, कारण ही वही कुणी वाचत नाही.

२८ मे, गुरुवार. दुपारी ४

सकाळी सहाला अंगठा वांग्यासारखा. याआधीचं सगळं म्हणजे नुसती तालीम होती. पाय जमिनीला लावता येईना. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, आत्ता घेऊन या. मी म्हटलं, मेव्हण्याला बोलाव. ही म्हणाली, तो गावाला गेलाय. मी म्हटलं, मग मॅडमना सांग, त्या सोडतील. ती म्हणाली, त्यांचा साडेसहाचा लेसन आज रिकामा आहे, पण त्यांना कशाला त्रास. तिने खुंटीवरची आमच्या गाडीची किल्ली घेतली. पातळ तळव्याचे बूट घातले.

मी म्हटलं, किल्ली ठेव. ती म्हणाली, अहो, साडेसहाचा लेसन माझा असतो. लायसन्स मला सोमवारी मिळालं. तुमच्या पाचांबरोबर त्या परीक्षेला मीही होते, मॅडमच्या यादीत.

भिंत धरत धरत मी गाडीत जाऊन बसलो. 

आमच्या गाडीत माझा ब्रेक नाही. तरी पहिल्याच वळणावर मी तो दाबला. अंगठा गाडीच्या तळावर आपटला आणि मी इतक्या जोरात किंचाळलो की शेजारच्या गाडीतल्या माणसाने काच खाली केली. ही दचकली नाही. तिने गिअर कमी केला, आरसा बघितला, वळण घेतलं. मग म्हणाली, पाय वर घ्या. तिथे काही नाहीये.

पुढच्या सिग्नलपर्यंत मी चार वेळा दाबला. त्यापुढे मोजलं नाही. तिने एकदाही माझ्याकडे बघितलं नाही, तिचं लक्ष रस्त्यावर होतं, जिथे असायला हवं तिथे. पुढे चढावर गाडी थांबली. तिने हाफ क्लच घेतला, मग हँडब्रेक सोडला. गाडी बोटभरही मागे गेली नाही. मी शिकवलं होतं तसंच. किंवा मॅडमनी. खरं सांगायचं तर मॅडमनीच.

मी म्हटलं, त्या गल्लीत मी अकरा वेळा दाबला होता. ती म्हणाली, बारा. तुम्ही शेवटचा मोजत नाही, तो मी उतरल्यावर दाबला होतात. मग दोघांनाही हसू आलं, आणि तिचं हसू थांबल्यावरही मी थोडा वेळ हसत राहिलो, कारण थांबलो तर दुसरं काहीतरी होईल अशी भीती वाटत होती. मी सॉरी म्हटलं. फार हळू. गाडीच्या आवाजात गेलं असेल. मग पुन्हा म्हटलं.

ती म्हणाली, ऐकलं. दोन्ही वेळा.

चौक ओलांडल्यावर तिने मागच्या सीटवरून पाण्याची बाटली पुढे केली. मी सवयीने नको म्हटलं. डॉक्टरांकडे किती वेळ लागेल सांगता येत नाही, मध्ये कुठे जागा नाही, असं पुटपुटलो. ती म्हणाली, मला माहीत आहे तुम्ही का पीत नाही ते. मॅडम दर दोन लेसनांनी पेट्रोलपंपावर थांबतात. त्या आत जाऊन येतात, तेवढ्यात आम्ही रिव्हर्स पार्किंग करायचं. तेवीस वर्षांत तुम्हाला कधी सुचलं नाही?

सुचलं नाही.

प्या, ती म्हणाली. पुढच्या पंपावर मी थांबते.

प्यायलो. पूर्ण बाटली. तिने पंपावर गाडी एका दमात मागे घेऊन दोन पांढऱ्या रेषांच्या मधोमध लावली, आणि मी तिच्या खांद्यावर हात टेकून एका पायावर उड्या मारत गेलो.

डॉक्टरांची वही: पाणी ४ ग्लास. इथेही चार.